स्टेंट म्हणजे काय, आणि हा शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं पुण्यात कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी जिथे करतात त्या खोलीत, तंत्रज्ञ म्हणून काम केलं. तेव्हा दाराबाहेर बसलेले नातेवाईक जे विचारायचे, तेच आता ओळखीपाळखीतून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर विचारलं जातं. ते प्रश्न इथे एकत्र केलेत. नावाचं मूळ विचारणारे फार असल्यामुळे तो भाग लांबलाय. औषधोपचाराच्या बाबतीत मात्र तुमचा रिपोर्ट ज्यांनी पाहिलाय त्या डॉक्टरांचंच ऐका, माझं नाही.

१. स्टेंट म्हणजे नेमकं काय? सोप्या भाषेत सांगा.

शरीरातली एखादी पोकळ वाट बंद होऊ नये, आत आक्रसू नये म्हणून तिला आतून दिलेला आधार म्हणजे स्टेंट. ही वाट रक्तवाहिनी असेल, किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी असेल, पित्तनळी असेल, अन्ननलिका किंवा श्वासनलिकाही असेल. स्टेंट धातूच्या जाळीचा असू शकतो किंवा साध्या प्लास्टिकच्या नळीचाही. नावावरून फक्त काम कळतं. वस्तू कशाची, बसवली कुठे आणि राहणार किती दिवस, यातलं काहीच त्या नावात नाही. पुढचे निम्मे घोटाळे यातूनच होतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

हृदयाचा स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. व्यास साधारण सव्वादोन ते चार मिलिमीटर, लांबी ८ पासून ४८ मिलिमीटरपर्यंत. नव्या स्टेंटच्या तारा ६० ते ८० मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे साधारण डोक्यावरच्या केसाएवढ्या. ही जाळी एका लांबट फुग्यावर घट्ट आवळलेली येते. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून ती हृदयापर्यंत नेतात आणि अडथळ्याच्या जागी फुगा फुगवतात. फुगवायला हातात धरायचा पंप असतो, त्यावर दाबाची तबकडी. मॉनिटरवरची नजर न काढता डॉक्टर म्हणतात, "आठ... दहा... बारावर धर." बारा म्हणजे बारा ॲटमॉस्फिअर, आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या बारा पट. त्या दाबाने जाळी फाकते आणि भिंतीला चिकटते. मग फुगा रिकामा करून बाहेर काढून घेतात, जाळी तिथेच राहते.

२. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी आणि स्टेंट हे एकच ना?

नाही. अँजिओग्राफी म्हणजे रंगद्रव्य सोडून धमन्यांचे फोटो काढणं, ती नुसती तपासणी. अँजिओप्लास्टी म्हणजे अरुंद जागा फुग्याने मोठी करणं. ती जागा पुन्हा मिटू नये म्हणून ठेवतात तो स्टेंट. हृदयाच्या धमनीची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये केली, आणि तेव्हा हृदयाचा स्टेंट अस्तित्वातच नव्हता. आजही कधीकधी स्टेंटशिवाय अँजिओप्लास्टी होते, त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

३. 'स्टेंट' हे कुणाचं आडनाव आहे, असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. आणि तो माणूस हृदयाचा डॉक्टर नव्हता, दाताचा होता.

चार्ल्स थॉमस स्टेंट (१८०७ ते १८८५) लंडनमध्ये दातांची प्रॅक्टिस करायचे. कवळी करायची तर आधी हिरड्यांचा साचा घ्यावा लागतो. त्या काळी साच्यासाठी गटापर्चा नावाचा झाडाचा चीक वापरायला नुकती सुरुवात झाली होती. गरम केला की मऊ, गार झाला की कडक. अडचण अशी की गार होताना तो आक्रसायचा, वाकडा व्हायचा, आणि त्यावरून केलेली कवळी तोंडात बसायची नाही. स्टेंट यांनी १८५६ मध्ये त्यात स्टिअरिन मिसळलं. हा चरबीपासून निघणारा मेणासारखा पदार्थ. भर म्हणून शंखजिरं घातलं, आणि वर लाल रंग. साचा नीट उमटू लागला आणि उमटलेला टिकू लागला. दंतवैद्यांच्या जगात तो लगदा 'स्टेंट्स' म्हणूनच ओळखला जाऊ लागला. पुढे क्लॉडियस ॲश अँड सन्स या दंतसाहित्य बनवणाऱ्या लंडनच्या कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि विकताना नाव तेच ठेवलं. हे नाव टिकलं त्याला निम्मं कारण हा व्यापार आहे, असं माझं मत. कंपनीने आपलं नाव डब्यावर छापलं असतं, तर आज आपण 'बाबांना दोन ॲश टाकलेत' असं म्हणत असतो.

गटापर्चा इतिहासजमा झालाय असं मात्र समजू नका. रूट कॅनाल केल्यावर दाताच्या मुळात भरतात त्या गुलाबी काड्या त्याच्याच. डेंटिस्ट त्यांना 'जीपी पॉइंट' म्हणतात, त्यातलं 'जीपी' म्हणजे गटापर्चा.

४. दाताच्या साच्याचं नाव हृदयातल्या जाळीला कसं चिकटलं?

मधला दुवा आहे पहिलं महायुद्ध. खंदकांमधून जबडे उडालेले, चेहरे फाटलेले सैनिक हजारोंनी येत होते. योहानेस एसर या डच शल्यविशारदाने एक युक्ती काढली. जखमेच्या पोकळीचा साचा त्याच दाताच्या लगद्यात घ्यायचा, साच्यावर कातडीचा पातळ थर उलटा गुंडाळायचा आणि तो साचाच जखमेत बसवून टाके घालायचे. कातडी आतून दाबलेली राहते, हलत नाही, धरते. धरली की साचा काढून टाकायचा. लगदा स्टेंट यांचा, म्हणून साचा 'स्टेंटचा'. हॅरॉल्ड गिलीज या प्लास्टिक सर्जरीतल्या मोठ्या माणसाने १९२० च्या आपल्या ग्रंथात एसर यांच्या या पद्धतीबद्दल लिहिलं आणि साच्यालाच सरळ 'स्टेंट' म्हटलं. इथे शब्दाने उडी मारली. आधी तो लगद्याचं नाव होता, आता ऊतींना जागेवर धरून ठेवणाऱ्या कुठल्याही आधाराचं झाला.

मग तो मूत्रमार्ग आणि पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियांमध्ये गेला. तिथे साचा नव्हता, नळी होती, पण काम तेच: टाके भरून येईपर्यंत वाट धरून ठेवायची.

रक्तवाहिनीत तो सर्वात उशिरा पोचला. अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये पायाची अरुंद झालेली धमनी शस्त्रक्रियेशिवाय, आतून नळ्या घालून मोठी केली. १९६९ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या पायाच्या धमन्यांमध्ये तारेची वेटोळी बसवली. गंमत अशी की तेव्हाच्या लेखाच्या शीर्षकात 'स्टेंट' नाही, 'कॉइलस्प्रिंग' आणि 'ट्यूब ग्राफ्ट' आहे. शीर्षकात 'स्टेंट' आला तो १९८३ च्या लेखात. त्यानंतर १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उलरिक सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिले स्टेंट बसवले. चार्ल्स स्टेंट यांना जाऊन तेव्हा एक शतक उलटलं होतं.

५. धमनी अरुंद होण्याला 'स्टेनोसिस' म्हणतात. 'स्टेंट' त्यातूनच आला असणार ना?

ऐकायला पटतं, पण नाही. स्टेनोसिस ग्रीक आहे, 'स्टेनोस' म्हणजे अरुंद. दोन शब्द एकाच रिपोर्टमध्ये, एकाच ओळीत येतात एवढंच त्यांचं नातं. स्कॉटिश बोलीत 'ताणणे' अशा अर्थाचा 'स्टेंट' हा जुना शब्द आहे आणि काही जण मूळ तिकडे शोधतात. पण लगदा ते साचा ते नळी ते जाळी हा प्रवास कागदोपत्री दिसत असताना तिकडे जायची गरज मला वाटत नाही.

६. प्लास्टिक सर्जरी पुण्यात सुरू झाली असा फॉरवर्ड फिरतोय. त्याचा स्टेंटशी काही संबंध आहे का?

फॉरवर्डमध्ये जरा जास्तच हवा भरलेली असते, पण मूळ गोष्ट खरी आहे आणि ती या विषयाच्या अगदी जवळची आहे.

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. तो टिपूच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. अशा शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी समोर उभं राहून पाहिल्याचं पत्रात म्हटलंय. ज्याने नाक केलं त्याचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही. डॉक्टरांची नावं आहेत, पेशंटचं आहे, बैल कुणाच्या फौजेचे तेही आहे.

पद्धत अशी: नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून चांगल्या नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक पट्टी जोडलेली ठेवायची. मग कातडी फिरवून खाली आणायची आणि ओल्या केलेल्या काताने जागेवर चिकटवायची. आपल्या पानातला कात, तोच. काही दिवसांनी तुपात भिजवलेल्या पट्ट्या. आणि दहाव्या दिवसाच्या सुमाराला नाकपुड्यांमध्ये मऊ कापडाचे बोळे, भोकं पुरेशी उघडी राहावीत म्हणून.

प्रश्न १ मधली व्याख्या पुन्हा वाचा. कापडाचे ते बोळे कामाने स्टेंटच आहेत. आकार घ्यायला मेण आणि वाट धरायला कापड, म्हणजे एसर यांनी सव्वाशे वर्षांनी एकाच लगद्यात साधलेली दोन्ही कामं इथे वेगवेगळ्या वस्तूंनी झालेली दिसतात. त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत नाक जोडल्यावर आत दोन नळ्या ठेवायला सांगितलंय. तेव्हा वस्तूचा मान कुणा एकाला देता येत नाही, नावाचा मात्र स्टेंट यांना द्यावाच लागतो. आणि हो, पुण्याच्या त्या कारागिराने हृदयाचा स्टेंट शोधला, असा पुढचा फॉरवर्ड तेवढा करू नका.

७. आमच्याकडे 'स्प्रिंग टाकली', 'जाळी बसवली' म्हणतात. डॉक्टर हसतील का?

कशाला हसतील? जाळी म्हणणं तर तंतोतंत आहे. स्प्रिंग म्हणणाऱ्यांच्या बाजूने खुद्द डॉटर आहेत (प्रश्न ४), त्यांची वेटोळी स्प्रिंगच होती. 'छल्ला' हिंदीतून आलाय, तोही कळतो. फक्त 'स्टँड' म्हणू नका. एका आजींनी "ह्यांच्या हृदयात स्टँड ठेवलाय" असं सांगितल्यावर ज्युनिअर डॉक्टर फाईलमध्ये दोन मिनिटं पेसमेकर शोधत होता.

८. स्टेंट 'टाकला' की 'टाकली'?

दोन्ही कानावर येतं. जाळी डोक्यात असली की 'टाकली', नुसता शब्द डोक्यात असला की 'टाकला'. मी पुल्लिंगी वापरतो, कारण मग 'दोन स्टेंट टाकले' हे अडखळत नाही. स्त्रीलिंगी धरलं तर अनेकवचनाची पंचाईत होते. लिहिताना 'स्टेंट' लिहा. 'स्टंट' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लकडी पुलावर एका चाकावर गाडी चालवणारं पोरगं येतं.

९. साधा स्टेंट आणि औषधाचा स्टेंट, फरक काय? आणि ते औषध कुठलं?

साधा म्हणजे नुसता धातू, 'बेअर मेटल'. त्याची अडचण अशी की धमनीला आत परकी वस्तू खुपते, भिंतीतल्या पेशी वाढत जातात आणि काही महिन्यांत वाट पुन्हा अरुंद होऊ शकते. औषधाच्या स्टेंटवर या वाढीला आवर घालणाऱ्या औषधाचा पातळ लेप असतो, तो हळूहळू झिरपतो. म्हणून 'ड्रग इल्युटिंग'. आपल्याकडे 'मेडिकेटेड' म्हणतात. आज हृदयासाठी बहुतेक करून हेच वापरतात.

पहिलं यशस्वी औषध सिरोलिमस. त्याचं दुसरं नाव रॅपामायसिन, आणि त्यातलं 'रॅपा' म्हणजे रापा नुई, प्रशांत महासागरातलं ईस्टर बेट. त्या बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून ते वेगळं केलं गेलं. कॅनडात काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सहगल यांचा त्यात सिंहाचा वाटा. हे औषध पुढे किडनी बदललेल्या रुग्णांना देऊ लागले. त्याच्या लेपाचा स्टेंट माणसात पहिल्यांदा बसला तो १९९९ मध्ये, ब्राझीलमध्ये. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली २००३ मध्ये.

लेप आहे म्हणजे तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या लागत नाहीत, असा समज करून घेऊ नका. त्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

१०. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर आईला 'डीजे स्टेंट' टाकला. हृदयाचा काही त्रास नसताना स्टेंट का? आणि डीजे म्हणजे काय?

या पानावरचं सर्वात कामाचं उत्तर हेच समजा.

डीजे म्हणजे 'डबल जे'. गणपतीतल्या डीजेशी काही संबंध नाही. मऊ प्लास्टिकची नळी, साधारण २४ ते २६ सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकं इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली. वरचं टोक किडनीत अडकतं, खालचं मूत्राशयात, त्यामुळे नळी घसरत नाही. हे नाव १९७८ मध्ये रूढ झालं. दुर्बिणीतून खडा काढल्यावर मूत्रनलिका सुजते, सूज उतरेपर्यंत लघवी या नळीतून आणि तिच्या बाजूने उतरते.

हृदयाचा स्टेंट कायमचा. डीजे स्टेंट कायमचा नसतो, तो काढायचाच असतो. खड्याच्या ऑपरेशननंतर बहुधा काही आठवड्यांत. आणखी काही कारणाने जास्त ठेवायचा असला तरी साधारण तीन महिन्यांच्या आसपास बदलतात, नक्की मुदत यूरॉलॉजिस्ट ठरवतात. लोक विसरतात ते साध्या कारणाने. खडा गेला, दुखायचं थांबलं, आणि शेजारच्या काकांचा स्टेंट तर दहा वर्षं आत आहे, मग आपलाही असेल. राहिलेल्या नळीवर क्षार चढतात, तिच्यावरच नवे खडे होतात, जंतुसंसर्ग होतो, आणि पाच-दहा मिनिटांचं काम मोठ्या ऑपरेशनवर जातं. किडनीही कामातून जाऊ शकते.

स्टेंट आत असेपर्यंत वारंवार लघवीला लागणं, जळजळ, लघवी करताना कमरेत कळ, मधूनच लालसर लघवी हे बऱ्याच जणांना होतं. थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या तर वाट न बघता दवाखाना गाठा.

डिस्चार्ज कार्ड आज उघडून बघा. 'स्टेंट काढण्याची तारीख' लिहिलेली नसेल तर फोन करून विचारा आणि दिनदर्शिकेवर पेनाने लिहून ठेवा.

११. कावीळ झाली म्हणून मामांच्या पित्तनळीत स्टेंट टाकलाय. तोही काढायचा का?

प्लास्टिकचा असेल तर हो, काढायचा किंवा बदलायचा, साधारण तीन महिन्यांच्या आसपास. उशीर झाला तर तो बुजतो आणि कावीळ, ताप परत येतो. धातूचा असेल तर प्रकार आणि आजार यावर ठरतं, काही कायम ठेवतात. म्हणून 'प्लास्टिक की मेटल?' हा प्रश्न एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना विचाराच.

१२. स्टेंट, शंट, कॅथेटर, कॅन्युला... नळ्याच सगळ्या. मग इतकी नावं कशाला?

काम वेगळं म्हणून नाव वेगळं. स्टेंट असलेली वाट उघडी धरतो. शंट वाट बदलतो. हा शब्द रेल्वेत गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घेण्यासाठी वापरतात तोच, आणि मेंदूतलं पाणी पोटात वळवणारा शंट नेमकं तेच करतो. कॅथेटर आत सोडून काही काढायचं किंवा घालायचं, मूळ ग्रीक, 'खाली सोडणे'. हाताला सलाईनसाठी लावतात ती कॅन्युला लॅटिन, 'छोटा बोरू'.

माणसांची नावंही वॉर्डात सतत तोंडात असतात. लघवीची नळी 'फोलीज' ही अमेरिकन यूरॉलॉजिस्ट फ्रेडरिक फोली यांची. नाकातून पोटात घालतात ती 'राईल्स ट्यूब' इंग्रज डॉक्टर जॉन राईल यांची. या दोघांच्या नावापुढे 'ट्यूब', 'कॅथेटर' तरी उरलं. स्टेंट यांच्यापुढे काहीच उरलं नाही. इंग्रजीत तर पहिलं अक्षरही लहान झालं. नळीच्या जाडीला 'फ्रेंच' म्हणतात ते पॅरिसच्या शारिएर या उपकरणं बनवणाऱ्यामुळे. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे सहा फ्रेंचचा डीजे स्टेंट दोन मिलिमीटर जाड.

१३. फुगा मारला पण स्टेंट नाही टाकला, असं डॉक्टर म्हणतात. काम अर्धवट राहिलं का?

तसं नाही. औषधाचा लेप फुग्यावरच असतो असेही फुगे आहेत. फुगा भिंतीला टेकवून औषध तिथे सोडतात आणि बाहेर काढतात, मागे धातू उरत नाही. जुन्या स्टेंटच्या आत पुन्हा अडथळा झाला किंवा धमनी फारच बारीक असली तर हा मार्ग घेतात. अशा वेळी डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचं स्टिकर (प्रश्न १६) नसेल, घाबरू नका.

१४. विरघळणारा स्टेंट मिळतो का?

कल्पना जुनी आहे आणि मोहकही: वाट बरी झाली की आधार आपोआप नाहीसा. अमेरिकेत असा एक स्टेंट २०१६ मध्ये मंजूर झाला. पण त्यात गुठळ्या होण्याचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त दिसलं आणि २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. नवे प्रकार येत आहेत, पण 'विरघळणारा म्हणजे भारी' असं समजून हट्ट धरू नये.

१५. बाबांना स्टेंट आहे आणि दाढ काढायचीय. डेंटिस्ट म्हणतात गोळ्या बंद करा, मेव्हणे म्हणतात करू नका. ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही नाही, ज्यांनी स्टेंट टाकला त्या हृदयरोगतज्ज्ञांचं. नव्या स्टेंटच्या तारांवर शरीराचं अस्तर चढेपर्यंत त्यावर गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या ठरावीक काळ देतात. हार्ट ॲटॅकनंतर तो काळ साधारण वर्षभराचा, इतरांना कमी-जास्त. नंतर बहुधा एक गोळी कायम. मनाने बंद केल्या तर स्टेंट अचानक बुजून जिवावर बेतू शकतं. एखादी दाढ तर बऱ्याचदा गोळ्या चालू ठेवूनच, रक्त थांबवण्याची काळजी घेऊन काढतात. डेंटिस्टना डिस्चार्ज कार्ड दाखवा आणि दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणा.

१६. स्टेंट असताना एमआरआय करता येतो का? विमानतळावर, मेट्रोत मशीन वाजतं का?

मशीन वाजत नाही, धातू फारच थोडा असतो. हल्लीचे हृदयाचे स्टेंट स्टील, कोबाल्ट-क्रोमियम किंवा प्लॅटिनम-क्रोमियमचे असतात. ठरवून दिलेल्या मर्यादेत त्यांच्यासह एमआरआय करता येतो, एमआरआयच्या चुंबकाने ते जागचे हलत नाहीत. तरी तंत्रज्ञाला आधी सांगायचंच, आणि स्टिकर दाखवायचं. डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेल्या त्या स्टिकरवर कंपनी, लॉट नंबर आणि '२.७५ × २८' असे आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. शाई दोन पावसाळ्यांत उडते.

१७. विचारायला बरं वाटत नाही, पण अंत्यसंस्काराआधी स्टेंट काढावा लागतो का?

नाही. विद्युतदाहिनी असो वा लाकडं, काही फरक पडत नाही. पेसमेकर मात्र आधी काढायला हवा, कारण त्यात बॅटरी असते आणि ती उष्णतेने फुटते. छातीवर डाव्या किंवा उजव्या बाजूला कातडीखाली चपटी डबी हाताला लागत असेल तर ती पेसमेकर किंवा तसंच बॅटरीचं यंत्र. रुग्णालयातून निघतानाच ते सांगा.

१८. सरकारने स्टेंटची किंमत बांधून दिलीय ना? मग आमच्या बिलात ती का नाही लागू केली?

बिलावर कुठला स्टेंट आहे ते आधी बघा. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल किंमत ठरवली ती हृदयाच्या स्टेंटची: साधा ७,२६० रुपये, औषधाचा २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी औषधाच्या स्टेंटवर लाखाच्या पुढची छापील किंमत सर्रास दिसायची. हे आकडे नंतर वेळोवेळी बदललेत, चालू दर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळतो. ही मर्यादा स्टेंट या वस्तूपुरती आहे. फुगा, वायर, कॅथलॅबचं भाडं, डॉक्टरांची फी त्यात येत नाही. आणि डीजे स्टेंट, पित्तनळीचा स्टेंट किंवा पायाच्या धमनीचा स्टेंट यांना ती लागू नाही, नाव एकच असलं तरी.

बिलावर नुसतं 'स्टेंट' लिहिलं असेल तर बिलिंगच्या खिडकीवर जाऊन प्रकार, कंपनी आणि संख्या लिहून मागा, आणि ती स्टिकरांशी ताडून बघा. इन्शुरन्सवालेही नंतर तेच मागतात.